सत्यभामाबाईंची मूठ

घाटनांदूरच्या शिवारात ज्वारी पेरणाऱ्या बायका पुष्कळ झाल्या. पण उगवलेले तास, म्हणजे पेरणीच्या ओळी, बघून वाटसरूनं बांधावरूनच सांगावं, "हे सत्यभामाबाईचं रान," अशी एकच झाली. ती माझ्या पणजीची थोरली जाऊ. पणजीचं नाव छबुबाई. तिनं माझ्या वडिलांना सांगितलं, वडिलांनी मला.

तिफणीवर, म्हणजे पेरणीच्या औजारावर, एक लाकडी वाडगा असतो, त्याला चाडं म्हणतात. चाड्याला तीन भोकं, भोकांतून तीन नळे जमिनीपर्यंत उतरलेले. बाईनं मागं चालत चाड्यावर मूठ धरायची आणि बोटांच्या फटीतून बी झरत ठेवायचं. तिन्ही भोकांत सारखं पडलं पाहिजे. जास्त गेलं तर पीक दाटून खुरटतं, कमी गेलं तर तासात मोकळी जागा राहते, तिला तुटाळ म्हणतात. बैल थांबत नाहीत, म्हणून बोटांनाही थांबता येत नाही. सत्यभामाबाई चालता चालता गाणं म्हणायची, मागं वळून कुणाशी बोलायची, एकदा तर पायात काटा मोडला तरी मूठ तशीच झरत राहिली. रब्बीच्या दिवसांत शेजारच्या गावांतून तिच्यासाठी गाडी यायची.

पण या सगळ्याच्या आधी प्लेग आला होता.

फसली १३१३ चं साल, म्हणजे इंग्रजी १९०४ च्या आसपास. गावात उंदीर पडायला लागले तशी माणसं घरं मोकळी करून माळावर झोपड्या बांधून राहिली. सत्यभामा तेव्हा अठरा वर्षांची, लग्नाला तीन वर्षं झालेली. एक दिवस तिचा घसा धरला, अंगात ताप भरला आणि मानेच्या दोन्ही बाजूंना सुपारीएवढ्या गाठी आल्या. सासरे आप्पाराव यांनी गाठी पाहिल्या. आदल्याच महिन्यात त्यांची सख्खी बहीण काखेत गाठ येऊन तीन दिवसांत गेली होती. ते वाईट माणूस नव्हते. झोपड्यांत अठ्ठावीस माणसं होती, त्यात तान्ही लेकरं होती. त्यांनी ओढ्याच्या पल्याड एक वेगळी खोप घातली आणि सुनेला तिथं नेऊन ठेवलं.

"दूर भाकरी ठेवायची आन् फिरायचं. आत कुणी जायचं न्हाई," असं त्यांनी सगळ्यांना बजावलं.

भाकरी न्यायचं काम धाकट्या सुनेवर, छबूवर आलं. ती सोळा वर्षांची. पहिल्या दिवशी तिनं भाकरी दगडावर ठेवली आणि फिरली. आतून आवाज आला, "छबू, पाणी तरी पाज गं. उठवत न्हाई मला." छबू थबकली. मग आत गेली. त्या दिवसापासून ती रोजच आत जाऊ लागली. घसा इतका सुजलेला की भाकरी गिळता येईना, म्हणून ज्वारीच्या कण्यांची आंबील करून वाटीनं पाजायची आणि उरलेली, वाया कशाला घालवायची म्हणून, त्याच वाटीनं आपण प्यायची.

तीन दिवस झाले, सत्यभामा मेली नाही. दहा झाले, वीस झाले. ताप संध्याकाळी चढायचा, पहाटे उतरायचा. माळावरची माणसं दुरून बघायची. पस्तिसाव्या दिवशी ती आपल्या पायानं ओढा ओलांडून आली, आणि त्यानंतर आठच दिवसांत छबूच्या मानेत तशाच गाठी उठल्या. आता सत्यभामा तिच्याजवळ जाऊन बसली. छबूही महिनाभर तापली आणि उठली. गावानं तोंडात बोट घातलं. एकाच घरातल्या दोन सुना, दोघींना गाठी आणि दोघीही जित्या! मरीआईनं सोडलेल्या बाया म्हणून लोक त्यांच्या पाया पडू लागले. दोघींना त्याचं हसू यायचं.

सत्यभामेचा थकवा मात्र सहा महिने गेला नाही. मग तोही गेला, आणि पुढची दहा वर्षं तिनं शिवार पेरलं.

१९१४ च्या चैत्रात एका सकाळी ती आरशासमोर कुंकू लावत होती. डावा डोळा दोन दिवसांपासून दुखत होता, फिरवला की जास्तच. तिनं सहज उजवा डोळा झाकला आणि आरशात पाहिलं. कुंकू जुन्या विटेच्या रंगाचं दिसलं. डावा झाकून पाहिलं, तर लालभडक. तिनं चार वेळा असं करून पाहिलं. आठवड्यात डाव्या डोळ्यासमोर धुरकट पडदा आला. घरात कुणी काही तर कुणी काही टाकायला सांगितलं. तिनं काहीच टाकलं नाही. दीड महिन्यात पडदा आपोआप विरला. कुंकू मात्र त्या डोळ्याला पुन्हा कधी पुरतं लाल दिसलं नाही. हे तिनं फक्त छबूला सांगितलं होतं.

दोन वर्षांनी हस्त नक्षत्रात रब्बीची पेरणी सुरू झाली. पाऊस उघडला होता आणि ऊन भाजून काढत होतं. सकाळी मूठ नेहमीसारखी झरली. दुपार झाली तशी उजव्या हाताची बोटं तिला परक्याची वाटू लागली. बी सुटतंय की नाही ते कळेना, बघावं लागायला लागलं. मान वाकवून बघितलं की पाठीच्या कण्यातून मुंग्यांची रांग सरसरत खाली टाचेपर्यंत उतरायची. तिनं कुणाला काही सांगितलं नाही. चार दिवस तशीच पेरत राहिली.

ज्वारी उगवली तेव्हा नवरा, उत्तरेश्वर, बांधावर उभा राहून बघतच राहिला. रानाचा एक पट्टा रांगोळीची रेघ ओढल्यासारखा सरळ आणि भरलेला. त्याच्या शेजारचा पट्टा विस्कटलेला, कुठं झुबके तर कुठं हात हात तुटाळ. मग पुन्हा भरलेला पट्टा, मग पुन्हा विस्कटलेला.

"बी किडकं निघालं म्हणावं तर एका पट्ट्यात निघालं आन् एका पट्ट्यात न्हाई?" तो म्हणाला.

सत्यभामा बांधावरून खाली उतरली. मग तिनं बोट दाखवलं. "हे सकाळचे तास. हे दुपारचे. हे दुसऱ्या दिवसाच्या सकाळचे. बी चांगलं हाय. माझा हात गेलाय. पर उन्हात जातो आन् गारव्यात येतो. कावून, ते मला कळंना."

उत्तरेश्वरानं दुसऱ्या दिवशी गाडी जुंपली आणि तिला मोमिनाबादला, म्हणजे आजच्या अंबाजोगाईला नेलं. छबूही संगं गेली. तिथं सरकारी दवाखान्यात हशमतुल्ला नावाचे डॉक्टर होते. हैदराबादेत शिकलेले, पुढं चार वर्षं विलायतेत राहून आलेले. मराठी बोलायचे, पण अदब सगळी उर्दूची. त्यांनी आधी उत्तरेश्वराची परवानगी घेतली, मग छबूला जवळ बसवून तपासायला सुरुवात केली. गुडघ्यावर लहान हातोडी मारली तर पाय ताडकन उडाला. तळव्यावरून किल्लीची दांडी ओढली तर अंगठा खाली वळायच्या ऐवजी वर उभा राहिला. त्यांनी एक लहानसा आरसा घेतला, मधोमध भोक असलेला, आणि तिच्या डोळ्यांत बराच वेळ पाहिलं.

"बाई, दोन-तीन सालांपूर्वी या डाव्या डोळ्याची नजर गेली होती ना? आणि मग परत आली?"

सत्यभामेनं छबूकडं पाहिलं. छबूनं मान हलवली, म्या न्हाई सांगितलं.

"साहेब, तुमाला कसं कळलं वो?"

"डोळ्याच्या मागं एक नस आहे. तिच्यावर डाग आहे. डोळा बरा झाला, डाग राहिला."

सत्यभामेच्या अंगावर काटा आला. तिला भीती नाही वाटली, असं छबुबाई सांगायची. आपल्या डोळ्याच्या मागं आपलीच गोष्ट लिहून ठेवलेली आहे आणि कुणीतरी ती वाचली, याचं तिला नवल वाटलं. मग तिनं आपणहून सगळं सांगितलं. मुंग्यांची रांग, कुंकवाचा रंग, सकाळचे तास आणि दुपारचे तास.

डॉक्टरांचा तासांवर विश्वास बसला नाही. "उन्हानं हात जातो?"

"या की बघायला. रान काय खोटं बोलतंय?"

आणि ते खरोखर आले. देवी टोचण्याच्या दौऱ्यावर घाटनांदूरला आले तेव्हा घोड्यावरून थेट रानातच उतरले. ज्वारी गुडघ्याएवढी झाली होती. ते पट्ट्यापट्ट्यानं चालले, वाकून तुटाळीवर वीत ठेवून मापली. सकाळ, दुपार, सकाळ, दुपार. चार दिवसांचे आठ पट्टे. शेवटच्या बांधावर त्यांनी डोक्यावरची टोपी काढली.

"विलायतेत मी असे बीमार पाहिले," ते म्हणाले. "कागदावर त्यांच्या हातांची निशाणी घेतात. पण कुणाच्या बीमारीनं सबंध रानात असं लिहून ठेवलेलं मी पाहिलं नाही."

तिथंच विहिरीवर त्यांनी एक पारख केली. उन्हात बसवून ठेवलेल्या सत्यभामेला मूठभर ज्वारी दिली आणि चादरीवर झरवायला सांगितलं. दाणे ढिगाढिगानं पडले. मग छबूनं तिला विहिरीच्या गार पाण्यानं चिंब केलं, दोन्ही हात कोपरापर्यंत बादलीत बुडवून ठेवले. थोड्या वेळानं पुन्हा मूठ दिली. दाणे सुतासारखे सरळ पडत गेले. सत्यभामा स्वतःच्याच हाताकडं बघत राहिली.

मग डॉक्टरांनी विचारलं, "लहानपणी, तरणेपणी, कधी लंबा बुखार?"

छबूनंच सांगितलं. माळ, ओढा, खोप, मानेतल्या गाठी.

"दोन्ही बाजूंना? घसा सुजलेला? पस्तीस दिवस?" डॉक्टर मान हलवत राहिले. "तो प्लेग नव्हता. प्लेग इतका वेळ देत नाही. तो दुसराच बुखार. जर्मनीतल्या हकिमांनी त्याचं वर्णन केलंय, पण तो कशानं येतो ते मालूम नाही."

"त्याचा आन् ह्या हाताचा संबंद हाय?" सत्यभामेनं विचारलं.

डॉक्टरांनी चादरीवरचे दाणे गोळा केले. मग म्हणाले, "काही लोकांना शक आहे, बाई, की या बीमारीच्या मागं कसलातरी जंतू असावा. इतका बारीक, की चिनीमातीच्या गाळणीतूनही पार जातो आणि खुर्दबिनीत, बारीक ते मोठं दाखवणाऱ्या भिंगातही, दिसत नाही. आधी कधीतरी अंगात शिरतो आणि सालोंसाल निजून राहतो. पण हा शक आहे. साबित काही नाही."

"मग छबूला कावून न्हाई झालं? माझंच उष्टं तिनं खाल्लं. ताप तोच, गाठी त्याच."

डॉक्टर दोघींकडं आळीपाळीनं बघत राहिले. "हा सवाल मला कुणी विलायतेतही विचारला नाही," ते म्हणाले. "जवाब माझ्याकडं नाही."

त्या सवालाला आता शंभरावर वर्षं झाली. अलीकडं अमेरिकेतल्या लाखो सैनिकांचं वर्षानुवर्षं साठवलेलं रक्त तपासलं, तेव्हा दिसलं की ज्यांना हे दुखणं झालं त्यांना जवळजवळ सगळ्यांनाच आधी एका विषाणूची लागण होऊन गेली होती. विषाणूचं नाव एपस्टीन-बार. गाठी आणणारा, घसा सुजवणारा, लाळेतून जाणारा तो ताप त्याचाच. तो एकदा आत शिरला की जन्मभर निजून राहतो. अंगातली फौज त्याला ओळखायला शिकते आणि काहींच्या बाबतीत चुकून स्वतःच्याच मज्जातंतूंवरच्या आवरणाला शत्रू समजून ओरबाडते, असंही आता दिसू लागलंय. पण तो विषाणू तर आपल्यापैकी बहुतेकांच्या अंगात असतो, तुमच्या, माझ्याही. दुखणं हजारांत एखाद्यालाच होतं. का, ते अजून पुरतं कुणाला सांगता येत नाही. सत्यभामेचा ताप तोच होता, असंही मी छातीवर हात ठेवून म्हणणार नाही. विहिरीच्या काठावर ओल्या लुगड्यानं बसून तिनं नेमकं कुठं बोट ठेवलं, तेवढंच मला माहीत आहे.

डॉक्टरांनी दवा दिली नाही, कारण नव्हतीच. "उन्हात राबू नका, आणि बुखारापासून जपा. कोणताही बुखार," एवढंच सांगून गेले.

पुढच्या वर्षी हात पूर्ण परत आला. सत्यभामेनं रीतच बदलली. पहाटेची चांदणी असताना तिफण जुंपायची, ऊन तापायच्या आत सोडायची. त्या साली तिच्या रानात बघायलाही तुटाळ नव्हती. लोक म्हणाले, बाई बरी झाली. ती म्हणायची, "बरी न्हाई. निजलंय ते."

१९१८ ला मानमोडीचा ताप आला, इन्फ्लुएन्झाची ती मोठी साथ. घराघरांत माणसं आडवी झाली, सरणाला लाकूड पुरेना. आप्पाराव त्यात गेले. सत्यभामेला सहा दिवस ताप होता, सातव्या दिवशी तो उतरला. नवव्या दिवशी तिच्या कमरेभोवती कुणीतरी दोर आवळल्यासारखं झालं आणि दोन्ही पाय लाकडाचे झाले. या वेळी ते परत आले नाहीत. थोडे आले. धरून धरून चार पावलं टाकता यायची, तेवढीच.

मूठ तेव्हा छबूनं घेतली. सत्यभामेला बांधावर लिंबाच्या सावलीत आणून बसवायचे. ती डोळे मिटून नळ्यातनं उतरणाऱ्या दाण्यांचा आवाज ऐकायची आणि ओरडायची, "छबू, मधला नळा उपाशी हाय!" छबू बघायची, तर खरंच मधल्या भोकात काडी अडकलेली असायची. तीन रब्बी अशा गेल्या. चौथ्या रब्बीला सत्यभामा काहीच बोलली नाही. छबूनं तिफण थांबवून विचारलं, "अक्का, कावून गप?" ती म्हणाली, "बोलायसारखं काय ऱ्हायलंच न्हाई. आता तुझी मूठ झाली." छबू चाड्याजवळ उभ्या उभ्याच रडली.

हशमतुल्ला डॉक्टर वर्षातून एकदा तरी यायचे. दर वेळी हातोडी, किल्ली, आरसा. १९२६ च्या हिवाळ्यात आले तेव्हा त्यांची नोकरी संपत आली होती. तपासणी झाल्यावर त्यांनी हातोडी पेटीत ठेवली. मग उत्तरेश्वराकडं बघत म्हणाले, "एक अर्ज आहे. नकार दिलात तरी गैर मानणार नाही. बाई गेल्यावर मला त्यांच्या पाठीच्या कण्यातली नस पाहायची आहे. एक तास. मग देह तुमच्या स्वाधीन."

उत्तरेश्वर ताडकन उठला. "साहेब, तुमी पावणे म्हणून ऐकून घेतलं. चिरायचं? तिला?"

सत्यभामा खाटेवरून म्हणाली, "आवं, बसा. जाळायचंच हाय की. आधी बघितलं तर जळायचं थांबतंय का?"

"लोक काय म्हणतील?"

"लोकांनी मला मेलेली म्हणून एकदा ओढ्यापल्याड ठेवलंय. त्यापरीस वाईट काय म्हणायचेत?" ती डॉक्टरांकडं वळली. "बघा साहेब. माझ्याच पाठीत काय हाय ते मला जितेपणी दिसलं न्हाई. कुणाला तरी दिसू द्या."

ती त्यानंतर चौदा महिन्यांनी, माघात गेली. पडून पडून पाठीवर झालेल्या जखमा चिघळल्या होत्या. शेवटचे आठ दिवस ती शुद्धीत असेपर्यंत छबूला रोज विचारायची, "निरोप धाडलाय न्हवं मोमिनाबादला?" उत्तरेश्वरानं स्वतः माणूस धाडला. डॉक्टर आले, घराचं दार लावून घेतलं, तासाभरानं बाहेर आले तेव्हा त्यांचे डोळे लाल होते. शिवून, धुऊन, नवं लुगडं नेसवून त्यांनी देह परत दिला. छबू सगळा वेळ आत होती. डॉक्टरांनी तिला बाहेर जायला सांगितलं होतं, ती गेली नाही.

तीन महिन्यांनी डॉक्टरांचं हैदराबादहून पत्र आलं; नोकरी संपवून ते तिकडं परतले होते. कुणा कारकुनाकडून मराठीत लिहवून घेतलेलं. उत्तरेश्वराला वाचता येत नव्हतं, म्हणून बद्रीनाथ मास्तरांनी ओसरीवर वाचून दाखवलं.

"नसेवर डाग मिळाले. मानेपासून कमरेपर्यंत एकवीस. काही जुने, काही ताजे. बाईंनी कोणत्या साली काय गेलं ते सांगितलं होतं, त्याच जागी ते होते. एकही बात चुकली नव्हती. डागांच्या आसपास मी जंतू खूप शोधला. दिसला नाही. तो नव्हता असं मी म्हणत नाही. माझी खुर्दबीन तेवढीच आहे. मी तीस साल हा पेशा केला, आणि देहापुढं इतका लहान कधी झालो नव्हतो."

छबूनं पत्र पुन्हा वाचायला लावलं. मग ती मास्तरांना म्हणाली, "जवाब लिवा. म्हणावं, साहेब, माझी बी पाठ बघा, मेल्यावर. ताप दोघींना आला आन् दुखणं एकीलाच झालं. एकीचीच पाठ बघून कसं कळंल? दोन्ही बघाय पायजेत."

मास्तरांची लेखणी थांबली. त्यांनी उत्तरेश्वराकडं पाहिलं. उत्तरेश्वर म्हणाला, "लिवा ती म्हणती तसं."

पत्र हैदराबादला गेलं. डॉक्टर त्याआधीच वारले होते. त्यांच्या मुलानं दोन ओळींत कळवलं आणि खाली लिहिलं, हे पत्र वालिदांच्या कागदांत जपून ठेवतो. छबुबाई त्यानंतर पस्तीस वर्षं जगली. सत्तरी उलटली तरी चाड्यावर मूठ धरायची, आणि तिच्या पाठीत काय होतं ते कुणी कधी पाहिलं नाही.